कार्व्हर बक्षिसापुरता?

डोंबिवलीत मी विज्ञान शिकवायचो. शाळेचा बक्षीस समारंभ आला की वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’च्या प्रती ठरलेल्या. १९८१ साली आलेल्या या पुस्तकाने गुलामीत जन्मलेल्या एका अमेरिकन शास्त्रज्ञाला मराठी घरांत आपलंसं केलं. मुलांना मात्र आठवतं एवढंच: गरिबी, जिद्द आणि शेंगदाणे. पीनट बटरचा शोधही कोणीतरी त्याच्या नावावर खपवतं. तो त्याचा नव्हे.

मला त्याची शेतकऱ्यांसाठीची पत्रकं जास्त मोलाची वाटतात. १८९६ मध्ये तो अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत आला, तेव्हा कापसाने तिथली जमीन पार पिळून काढली होती. विकतचं खत गरीब काळ्या शेतकऱ्याला परवडणारं नव्हतं. म्हणून तो पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ कुजवून शेतात घालायला सांगे. नत्रासाठी चवळी, भुईमूग लावायला लावी. सगळं साध्या भाषेत, पाककृतींसकट! १९०६ पासून तर टस्कीगीची गाडीच अवजारं घेऊन गावोगाव जाऊ लागली.

इकडे कल्याणच्या आधारवाडीत वर्षानुवर्षं कचऱ्याचा डोंगर वाढत गेला. सोसायटीच्या सभेत खताच्या पिंपाचा विषय काढला, की ‘वास येईल’ म्हणून तो पुढच्या सभेवर जातो. ओल्या कचऱ्यात सुकी पानं नीट कालवली तर वास फारसा येत नाही, हे सांगायला कार्व्हर कशाला हवा? महापालिकेने पिंप, तयार खत आणि एक जाणकार माळी घेऊन प्रभागाप्रभागांत टेम्पो फिरवावा. पहिली फेरी भाजी मंडईपासून करावी. पाला तिथे रोज संध्याकाळी फुकट पडलेला असतो.