पायांचा प्रश्न

मार्च 2018 मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा सुमारे 180 किलोमीटर चालून मुंबईत पोचला, तेव्हा देशाच्या नजरेत भरले ते त्या शेतकऱ्यांचे तळवे. सोलवटलेली कातडी, फुटलेले फोड, तुटक्या चपला. ती छायाचित्रे पाहून मुंबईकर हेलावले. अनेकांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून पाणी, खाणे आणि नव्या चपला वाटल्या. ही सहृदयता खरी होती. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ते तळवे काही सहा दिवसांत तसे झाले नव्हते. फोड वाटचालीचे होते. टाचांच्या खोल भेगा, घट्टे आणि कुरुपे ही मात्र आयुष्यभराची मिळकत होती. मोर्चा परतला आणि तिच्याकडे पाहण्याचे कोणालाच कारण उरले नाही.

पायांशी आपल्या समाजाचे नाते मोठे विलक्षण आहे. आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो, पादुका पुजतो, वारकऱ्याचे पाय चेपण्यात पुण्य मानतो. पण पाय दुखणे हे आपण दुखण्यात धरीत नाही. छातीत कळ आली तर घर गोळा होते, टाच दुखते म्हटले तर तेलाची बाटली दाखवली जाते. ज्याची उपजीविका बसून चालते त्याला हे परवडते. ज्याला दिवसाचे दहा तास उभे राहायचे आहे, डोक्यावर ओझे घेऊन चालायचे आहे किंवा चिखलात रोपे लावायची आहेत, त्याचा पाय म्हणजे त्याचे हत्यारच होय. ते बोथटले की रोजगार गेला.

आमच्या परिचयातील एक भगिनी कापडाच्या दुकानात विक्रेती आहेत. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ यायची. दहा-वीस पावलांनी ती ओसरायची आणि संध्याकाळी पुन्हा डोके वर काढायची. डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र काढवले, ‘हाड वाढले आहे’ असे निदान केले आणि टाचेत एकामागून एक तीन इंजेक्शने दिली. महिन्याच्या पगाराचा मोठा हिस्सा त्यात गेला. दुखणे थोडे दबले आणि परत आले.

या दुखण्याचे निदान बहुधा चित्रावाचूनच होते. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याला ताणून धरणारा एक चिवट पट्टा असतो. सततच्या भाराने तो टाचेच्या हाडाला जिथे चिकटलेला असतो तिथे दुखावतो. सकाळच्या पहिल्या पावलाची कळ आणि टाचेच्या आतल्या बाजूला अंगठ्याने दाबल्यावर नेमके दुखणे, एवढ्या दोन खुणा जाणत्या डॉक्टरला बहुतेक वेळा पुरतात. वाढलेले हाड तर ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा कित्येकांच्या चित्रातही दिसते. उपचारही साधे आहेत: पोटरीचा व तळव्याचा दिवसातून दोन-तीनदा ताण, टाचेखाली मऊ आधार, कडक फरशीवर अनवाणी न चालणे आणि भाराला विश्रांती. बहुसंख्य रुग्ण काही महिन्यांत, फार तर वर्षभरात, शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात. इंजेक्शनाला जागा आहे, पण ते वारंवार दिल्यास टाचेखालची चरबीची गादी झिजू शकते, क्वचित तो पट्टाच तुटतो.

पुढे या भगिनी एका सरकारी रुग्णालयात गेल्या. तेथील वयस्क डॉक्टरांनी पहिलीच गोष्ट सांगितली ती ही की, बाहेर काढून ठेवलेल्या चपला आत आणा. आपल्याकडे दवाखान्याच्या दाराशी चपला काढण्याची रीत आहे. स्वच्छतेच्या दृष्टीने ती ठीकच. पण निदानाचा अर्धा पुरावा त्यामुळे दाराबाहेर राहतो. चपलेचा तळ कुठे झिजला आहे, टाच कुठल्या बाजूला कलली आहे, अंगठा कुठे घासतो, हे तिथे लिहिलेले असते. नंतर त्यांनी विचारले, ‘दिवसात किती तास उभ्या असता?’ इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांना कोणीच विचारला नव्हता. ताण कसा द्यायचा ते डॉक्टरांनी करून दाखवले आणि चिठ्ठीवर लिहिले: कामाच्या जागी बसण्याची सोय हवी. हे औषध कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

मुरगळलेल्या घोट्याची कथाही वेगळी नाही. पाय आत वळून पडले की बाहेरच्या बाजूचे बंध ताणले जातात आणि लगेच कोणीतरी गरम तेलाने रगडायला घेतो. सूज वाढवण्याचा हा हमखास मार्ग आहे. पहिले दोन दिवस गार शेक, घट्ट पट्टी, पाय उंचावर आणि विश्रांती. मग मात्र लवकर हालचाल सुरू करायची. हाड मोडले असेल का, या शंकेला कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी 1992 मध्ये साधी कसोटी दिली. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या टोकाला अथवा मागच्या कडेला, खालच्या सहा सेंटिमीटरांत, हाडावर दाबून दुखत नसेल आणि दुखापत होताच किंवा तपासताना चार पावले टाकता येत असतील, तर घोट्याचे चित्र काढण्याची सहसा गरज नसते. पावलाच्या मधल्या भागात हाड दुखत असेल तर मात्र वेगळी तपासणी हवी. आणि लहान मुलांना किंवा पाय बधिर झालेल्यांना ही कसोटी लावू नये.

या बधिरतेचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. दुखणारा पाय निदान तक्रार तरी करतो. बधिर पाय गप्प राहून सडतो. कुष्ठरोग्यांच्या तळव्यावरील जखमा रोगामुळे मांस झडल्याने होतात, असा समज पूर्वापार होता. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, वेदना न जाणवल्याने त्याच जागी पुन्हा पुन्हा पडणारा दाब हे त्यांचे कारण आहे. दाब काढून विश्रांती दिली की त्या भरतात. कुष्ठरुग्णांसाठी मऊ रबराच्या तळाच्या चपला आल्या त्या याच जाणिवेतून. आज तीच बधिरता मधुमेह घरोघर घेऊन आला आहे. चपलेत शिरलेला खडा दिवसभर टोचतो आणि संध्याकाळी मोज्यावर रक्त दिसेपर्यंत कळत नाही. पुढे जखम चिघळते आणि बोट, पाऊल, कधी गुडघ्याखालचा पायही जातो.

हे ओळखायला नायलॉनचा एक तंतू पुरतो. तळव्यावर टेकवून तो वाकेपर्यंत दाबला की सुमारे दहा ग्रॅमचा दाब पडतो. तोही जाणवत नसेल तर पाय धोक्यात आहे. तंतू नसेल तर इंग्लंडमधील इप्सविच येथे रूढ झालेली रीत वापरावी. रुग्णाला डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद हलका स्पर्श करावा, दाबू नये. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही तर त्याला डॉक्टरकडे पाठवावे. यासाठी पदवी लागत नाही. सभासद नोंदणीसाठी वस्तीत दारोदार फिरणाऱ्या आपल्या कार्यकर्त्याला हे पाच मिनिटांत शिकता येईल. शिबिर म्हटले की रक्तदान आणि चष्मेवाटप याखेरीज आपल्याला काही सुचत नाही, ही तक्रार मी स्वतःविरुद्धही नोंदवतो.

तंतूने भागते तिथे तो आणावा. जिथे खुर्ची हवी तिथे संघर्ष अटळ आहे. उभ्याने काम कराव्या लागणाऱ्या कामगाराला संधी मिळेल तेव्हा टेकता यावे म्हणून बसण्याची सोय असावी, हे तत्त्व 1948 च्या कारखाने कायद्याने 44 व्या कलमात मान्य केले होते. ते दुकानात पोचायला सत्तर वर्षे लागली. कोझिकोडच्या बाजारातील विक्रेत्या स्त्रियांनी संघटित होऊन बसण्याचा हक्क मागितला, त्या लढ्यातून 2018 मध्ये केरळने दुकानांविषयीच्या आपल्या कायद्यात तो घातला. 2021 मध्ये तामिळनाडूनेही घातला. आपल्या शहरातील कोणत्याही मोठ्या कापडबाजारात संध्याकाळी एक फेरी मारून किती विक्रेत्या बसलेल्या दिसतात ते मोजावे. बसलेली विक्रेती आळशी दिसते, गिऱ्हाइकाचा अपमान होतो, असे मालक सांगतात. गिऱ्हाईक म्हणून दुकानात जाणारे आपणही त्या समजाला हातभार लावत असतो.

त्या भगिनींनी डॉक्टरांची चिठ्ठी मालकाला दाखवली. आधी नकार मिळाला. मग दुकानातल्या सातही जणी एकत्र जाऊन बोलल्या, तेव्हा मागच्या बाजूला, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा ठिकाणी, एक स्टूल आले. सात जणींत एक. कोणी कधी बसायचे याची पाळी त्यांनी वहीच्या पानावर लिहून भिंतीला लावली आहे. दुसऱ्या स्टुलाची मागणी दिवाळीच्या गर्दीपूर्वी करायची की नंतर, यावर त्यांच्यात अजून एकमत झालेले नाही.