पॅकिंग लहान, काम मोठे



घरखर्चाच्या वहीने गाडीचा आजार ओळखला असे कोणी सांगितले, तर आपण हसाल. पण मुदखेडला आमच्या शेजारी तसे घडले खरे. शेजारच्या भाऊंकडे जुनी डिझेल जीप आहे. पहाटे फुलांच्या करंड्या नांदेडच्या बाजारात पोहोचवायच्या आणि दिवसा लग्नाकार्याचे, दवाखान्याचे भाडे करायचे, यावर सात माणसांचे घर चालते. हिशेब वहिनी लिहितात. एका रात्री त्यांनी वही आमच्यापुढे ठेवली. पूर्वी महिन्यातून एकदा दिसणारी 'ऑईल अर्धा लिटर' ही नोंद आता दर आठवड्याला दिसत होती. "हे तेल जाते कुठे?" एवढेच त्यांनी विचारले.

"जुने इंजिन आहे, थोडे पिणारच," असे म्हणून भाऊंनी विषय संपवला. जीप उभी राहते तिथे मातीवर काळा डाग पडत होता, तोही त्यांनी मनावर घेतला नाही. मग एका पहाटे रेल्वे फाटकापाशी ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक झाले. भाऊ अक्षरशः पेडलवर उभे राहिले, तेव्हा जीप दांड्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्या दिवशी मागे फुले होती. दुपारी तिथेच वऱ्हाडाची लेकरे बसणार होती.

तेल गळण्याचा आणि ब्रेकचा संबंध काय, असे आपल्याला वाटेल. तो समजून घेऊ. मोटारीचा ब्रेक नुसत्या पायाच्या जोराने लागत नाही. पेडलपुढे एक गोल डबा असतो, त्याला बूस्टर म्हणतात. त्यातल्या पडद्याच्या एका बाजूची हवा काढून घेतलेली असते. पेडल दाबले की दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा आत येते, पडद्याला ढकलते आणि आपल्या पायाला मदत करते. पडदा वीस सेंटिमीटर व्यासाचा असेल आणि दाबातला फरक चौरस सेंटिमीटरला ०.७ किलो असेल, तर ही मदत सुमारे २२० किलोची होते.

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. त्यामुळे इंजिन हवा ओढताना ही पोकळी आपोआप तयार होते. बहुतेक डिझेल इंजिनांत हवेची वाट मोकळी असते आणि जोर कमीजास्त होतो तो डिझेलच्या मापाने. म्हणून तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. १९९४ साली आलेली सुमो, १९९८ची इंडिका अशा गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो, तर काही इंजिनांत थेट इंजिनावर बसवलेला असतो. आत फिरणाऱ्या पात्यांना इंजिनचेच तेल मिळते. ते तेल पाती झिजू देत नाही आणि फटीही बुजवते. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये असते ते कागदासारखे पातळ पॅकिंग.

मिस्त्रींनी भाऊंचा पंप उघडला, तेव्हा आत वहीच्या पुठ्ठ्याचे पॅकिंग निघाले. मागे कधीतरी कोणी घाईत कापून बसवले असावे. तेलात भिजून ते फुगले होते. कडेने तेल बाहेर गळत होते आणि आतले तेलाचे भोक अर्धे बुजले होते. बाहेर तेल वाया जात होते आणि आत पंप कोरडा पडत होता!

हे काम अवघड नाही, पण घाईचेही नाही. इंजिन गार होऊ द्यावे. पंप अल्टरनेटरवर असेल तर आधी बॅटरीची वायर काढावी. बोल्ट लांबआखूड असतात, म्हणून काढलेल्या क्रमानेच ठेवावेत. उघड्या भोकात स्वच्छ कापड घालून मगच जुने पॅकिंग खरवडावे. त्यासाठी स्क्रू ड्रायव्हर वापरू नये. ॲल्युमिनियमवर चरा पडला की नवे पॅकिंगही गळते. लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी बरी. नवे पॅकिंग त्याच मॉडेलचे घ्यावे आणि भोकावर भोक जुळते की नाही ते डोळ्यांनी पाहावे. भोकाजवळ चिकटवायचे सोल्युशन लावू नये. पंपात थोडे इंजिन ऑईल सोडून तो हाताने फिरवावा. कापड न विसरता काढून घ्यावे. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावेत. रबरी पाईपला चीर असेल तर तोही बदलावा.

नंतरची परीक्षा घरातले कोणीही घेऊ शकते. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा. इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबावे, म्हणजे ते कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल थोडे खाली गेले तर मदत पोहोचली असे समजावे. गेले नाही, तर ती गाडी रस्त्यावर काढू नये.

आणखी एक सांगतो. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करायची सवय आपल्याकडे अनेकांना आहे. इंजिन थांबले की पंपही थांबतो. साठलेली पोकळी दोनतीन वेळा ब्रेक दाबताच संपते, आणि वाचलेले चार पैसे जिवावर बेततात.

भाऊंचे काम अर्ध्या दिवसात झाले, त्या दिवसाचे भाडे मात्र बुडाले. वहिनींनी तो तोटाही वहीत लिहिला. खाली एक नवी ओळ आखली आहे: 'रविवार – तेल पाहिले, पेडल पाहिले.' त्यापुढे सही भाऊंची असते, पण तपासणी वहिनींची असते. आपल्याही दारात जुनी गाडी उभी असेल, तर उद्या सकाळी तिच्याखालची माती एकदा पाहा.