मघाच्या खालची बिभा

मघा म्हटले की आपल्या धाराशिवकडच्या माणसाला पाऊस आठवतो. पण मघा हा आकाशातला एक ठळक ताराही आहे. ऑगस्टात सूर्य त्याच्याजवळ असतो, म्हणून तो दिसत नाही. एप्रिलात मात्र रात्री नऊच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावर येतो.

गेल्या वर्षी तुळजापूर तालुक्यातील एका घरी आम्ही मुक्कामाला होतो. तिथली आठवीतली मुलगी म्हणाली, "काका, एका ताऱ्याला आपल्या देशातल्या बाईचं नाव दिलंय म्हणे. कुठला तो?" आम्ही बी.कॉम., कचेरीतले कारकून. वाचून सांगतो म्हणालो.

ती बाई बिभा चौधुरी. बिभा म्हणजे आपली विभा, प्रकाशकिरण. जन्म कलकत्त्याचा, 1913 चा. डी. एम. बोस यांच्यासोबत त्यांनी डोंगरावर फोटोच्या काचा ठेवून विश्वकिरणांतील कणांच्या खुणा शोधल्या. पुढे युद्धामुळे चांगल्या काचा मिळेनात, काम अडले. त्याच पद्धतीने काम करणाऱ्या इंग्लंडच्या पॉवेल यांना 1950 साली नोबेल मिळाले. बिभाताई मँचेस्टरला डॉक्टरेट करून 1949 मध्ये मुंबईच्या टाटा संशोधन संस्थेत आल्या, तिथल्या पहिल्या स्त्री संशोधक. 1991 मध्ये त्या गेल्या, तेव्हा फारसे कोणाला कळलेही नाही. ताऱ्याला नाव मिळाले डिसेंबर 2019 मध्ये.

तारा पिवळसर, सूर्यापेक्षा थोडा मोठा व उष्ण, पण सुमारे 340 प्रकाशवर्षे दूर. त्याची प्रत 8.7. हा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, आणि नुसत्या डोळ्याला सहाव्या प्रतीपर्यंतच दिसते. त्याच्याभोवती गुरूपेक्षा जड असा एक ग्रह फिरतो, संतमस. त्याचे वर्ष आपल्या दोन दिवसांहून जरासेच मोठे!

यंदा एप्रिलात उसनी दुर्बीण घेऊन पुन्हा गेलो. लाईट गेलेली, बरेच झाले. मघापासून दक्षिणेला नकाशा धरून सरकत गेलो. दोनदा चुकलो. शेवटी एक बारीक ठिपका सापडला. इतक्या मंद ताऱ्याचा पिवळा रंग डोळ्याला कळतच नाही.

"एवढाच?" मुलगी म्हणाली.

तिच्या वडिलांनी दुर्बीण घेतली. मुलीला सायन्स कशाला, असे ते मागे बोलले होते. बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, "ही बाई किती शिकली होती म्हणालात?"

आम्ही पुन्हा सांगितले. दहावीला अजून वर्ष आहे. तोवर आमची एखादी खेप होईलच.