इफ्तार ते सहरी

मगरीबची अजान होते. मशिदीच्या ओट्यावर खजूर तोंडात जाते, दोन घोट पाणी होते आणि पाचोऱ्यातल्या आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा खिशातली चुन्याची डबी चाचपून पाहतात. नमाज संपली की कोपऱ्यात बसून तंबाखू मळणे सुरू. भजी आणि टरबुजाच्या फोडी तशाच बाजूला. मागच्या वर्षी त्यांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितली. चाचा मला म्हणाले, "बेटा, चौदा-चौदा तास मी पाण्याचा थेंब घेत नाही आणि ही पुडी सुटत नाही. माझं इमानच कच्चं असेल."

इमान कच्चे नाही, चाचा. आपला हिशेब चुकतो आहे.

मेंदूत काही जागा शरीराच्या स्वतःच्या अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनासाठी असतात. निकोटिन तिथे जाऊन बसते, जणू कुलपाला दुसऱ्याचीच किल्ली लागावी. मग डोपामाइन सुटते, बरे वाटते. रोज असे होऊ लागले की मेंदू त्या जागा वाढवतो आणि त्या रिकाम्या राहिल्या की चिडचिड, बेचैनी सुरू होते. विडी-सिगारेटच्या धुरातले निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते. मळताना चुना घालतात, त्यामागेही कारण आहे. चुन्याच्या क्षारामुळे निकोटिन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरते. आपल्या आजोबांना हे रसायनशास्त्र कॉलेजात न जाताच जमले होते!

रक्तातले निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मे होते. म्हणजे सहरीच्या वेळी घेतलेली चिमूट असरपर्यंत जवळजवळ संपलेली असते. संध्याकाळी बाजारात होणारी भांडणे आपण रोज्याच्या माथी मारतो. त्यातली कितीतरी तंबाखूची असतात.

आता मुद्दा असा. तंबाखू सोडल्यावर तल्लफ सर्वांत जास्त छळते ती पहिल्या दोन-तीन दिवसांत. त्यानंतर ती हळूहळू उतरते. पण आमचा रोजेदार दिवसभर हा चढ चढतो आणि इफ्तारनंतर एका चिमटीने परत पायथ्याशी येतो. सोडण्यातला सगळ्यात अवघड भाग तो महिनाभर रोज भोगतो, पलीकडे मात्र कधीच जात नाही. दिवस तर आपण राखतोच. राखायच्या आहेत त्या रात्री, सुरुवातीला सलग तीन.

घरातल्या बायकांची मशेरीही यातच धरा. ती दातांसाठी, म्हणून तिला कोणी नशा म्हणत नाही. पण भाजली तरी तंबाखू ती तंबाखूच.

बंदीवर माझा फार भरवसा नाही. जहांगीर बादशहाने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली होती, आपल्या राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तरी २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले, त्यांतले बहुतेक धुराशिवाय घेणारे. त्यापेक्षा १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर जुम्याच्या दिवशी मशिदीच्या फळ्यावर लिहिलेला मला जास्त आवडेल.

यंदा चाचांनी मनावर घेतले आहे. पहिली रात्र निभावली. दुसऱ्या रात्री तरावीहनंतर ते माझ्या दारात आले, हात थरथरत होते. आम्ही दोघे स्टेशनपर्यंत चालत गेलो, चहा घेतला, दोन गाड्या जाईपर्यंत बाकावर बसून राहिलो. आज तिसरी रात्र. चुन्याची डबी त्यांनी सध्या माझ्याकडे ठेवायला दिली आहे.