अमेरिकेतला शेरीफ लोकांच्या मतांवर निवडून येतो, मग त्याला जाब कोण विचारतं?

समजा, तुमचा भाऊ अमेरिकेत नोकरीला आहे. शहराबाहेरच्या रस्त्यावर त्याने गाडी जरा जोरात पळवली आणि मागे लाल-निळे दिवे लागले. गाडी थांबवणाऱ्याच्या गणवेशावर 'पोलीस' नाही, तर 'शेरीफ' लिहिलेलं असू शकतं.

फरक फक्त नावाचा वाटेल, पण तसं नाही. शहराच्या पोलीस प्रमुखाला तिथलं प्रशासन नेमतं आणि तेच त्याला काढूही शकतं. शेरीफला मात्र लोक मत देऊन निवडतात. सगळी गोम इथेच आहे.

शेरीफ म्हणजे नेमका कोण?

अमेरिकेतली राज्यं काउंटींमध्ये विभागलेली आहेत. आपल्या जिल्ह्यासारखंच, पण आकाराचा काही नेम नाही. लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे एक कोटी लोक राहतात, तर टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत फक्त ६४ लोक होते. शेरीफ दोन्हीकडे आहे.

देशात तीन हजारांहून जास्त शेरीफ आहेत. ५० पैकी ४६ राज्यांत ते निवडणुकीने येतात. मुदत बहुतेक ठिकाणी चार वर्षांची असते आणि अनेक राज्यांत कितीही वेळा उभं राहता येतं.

आपल्याकडे जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक आयपीएस अधिकारी असतो. राज्य सरकार त्याची बदली करू शकतं. शेरीफची बदली होत नाही. तो त्याच काउंटीचा रहिवासी असतो, तिथेच प्रचार करतो आणि प्रचारात बऱ्याचदा पक्षाचं चिन्हही लावतो.

त्याची कामं काय?

पहिलं काम गस्तीचं. ज्या भागाला स्वतःचं नगर प्रशासन नाही, तिथे शेरीफचे डेप्युटी हेच पोलीस. अनेक छोटी शहरंही स्वतःचं पोलीस दल न ठेवता पैसे देऊन हे काम शेरीफकडे सोपवतात.

दुसरं काम कोर्टाचं. कोर्टाची सुरक्षा, समन्स पोहोचवणं, वॉरंट बजावणं. भाडं थकलं आणि कोर्टाने घर रिकामं करायचा आदेश दिला, तर दारात डेप्युटी येतो. काही राज्यांत डोंगरात हरवलेल्यांचा शोध घेणं, बंदुकीचा परवाना देणं हेही त्याच्याकडे असतं. केंटकीत तर मालमत्ता करही शेरीफच गोळा करतो.

तिसरं आणि सगळ्यात मोठं काम तुरुंगाचं. बहुतेक काउंटींचा तुरुंग शेरीफ चालवतो. इथे आपली एक गल्लत होते. मोठी शिक्षा भोगणारे कैदी राज्याच्या किंवा केंद्राच्या तुरुंगात असतात. काउंटीच्या तुरुंगातले दोन तृतीयांशांच्या आसपास लोक अजून दोषी ठरलेलेच नसतात. जामिनाला पैसे नाहीत किंवा तारीख लागलेली नाही, म्हणून ते आत असतात. त्यांचं जेवण, औषधं, सुरक्षा, सगळं शेरीफच्या हातात.

सध्या शेरीफची इतकी चर्चा का?

कारण स्थलांतरितांवरची कारवाई. तुरुंगात आलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे केंद्राच्या यंत्रणेकडे जातात. त्याच्या कागदपत्रांत काही खोट दिसली, तर 'आइस' ही केंद्राची यंत्रणा शेरीफला विनंती करते, "सुटकेची वेळ झाली तरी आणखी ४८ तासांपर्यंत याला धरून ठेवा."

याच्याही पुढे '२८७ (जी)' नावाचा करार आहे. १९९६ च्या कायद्यातली ही तरतूद. करार केला की शेरीफच्या डेप्युटींना आइसची काही कामं करता येतात. जानेवारी २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प पुन्हा सत्तेत आल्यावर असे करार झपाट्याने वाढले.

केंद्र थेट हुकूम का सोडत नाही? कारण १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने 'प्रिंट्झ' खटल्यात सांगितलं की केंद्र सरकार स्थानिक अधिकाऱ्यांना आपलं काम करायला भाग पाडू शकत नाही. हा खटला जिंकणारे जे प्रिंट्झ आणि रिचर्ड मॅक दोघेही शेरीफ होते. राज्य मात्र बंधन घालू शकतं. टेक्सास आणि फ्लोरिडाने सहकार्य सक्तीचं केलं आहे, तर कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून त्यावर मर्यादा घातली. ज्या राज्यांनी असं काही ठरवलेलं नाही, तिथे निर्णय बराचसा शेरीफचा. थोडक्यात, भाऊ कोणत्या काउंटीत राहतो यावर बरंच काही ठरतं.

शेरीफ चुकला तर?

ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीचं उदाहरण बघा. जो अर्पायो तिथे २४ वर्षं शेरीफ होते. त्यांनी कैद्यांना वाळवंटातल्या उन्हात तंबूंमध्ये ठेवलं आणि त्याची जाहिरातही केली. लोक त्यांना निवडून देत राहिले. २०१३ मध्ये कोर्टाने निकाल दिला की त्यांचं खातं लॅटिनो लोकांना वंशावरून लक्ष्य करत होतं. खटल्याचा आणि सुधारणांचा कोट्यवधी डॉलरचा खर्च करदात्यांच्या माथी आला. २०१६ मध्ये अर्पायो हरले. २०१७ मध्ये कोर्टाच्या अवमानाबद्दल ते दोषी ठरले आणि शिक्षा होण्याआधीच ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली.

निवडणुकीच्या आधी शेरीफला हटवणं सोपं नसतं. फ्लोरिडात गव्हर्नरला निलंबनाचा अधिकार आहे. पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर ब्रॉवर्ड काउंटीच्या शेरीफवर २०१९ मध्ये तो वापरला गेला. कॅलिफोर्नियातल्या सॅन मातेओ काउंटीत मात्र तिथल्या मंडळाला शेरीफला हटवायचा अधिकार मिळावा म्हणून मार्च २०२५ मध्ये आधी लोकांचं मतदान घ्यावं लागलं. प्रत्यक्षात हटवेपर्यंत ऑक्टोबर उजाडला.

आपल्या मुंबईतही शेरीफ आहे ना?

आहे. मराठीत आपण त्याला नगरपाल म्हणतो. दिलीपकुमार आणि सुनील गावसकर यांनी हे पद भूषवलं आहे. दोन्ही पदांचं मूळ इंग्लंडमधलं, पण ब्रिटिशांनी इथे आणलेलं पद मानाचं राहिलं. मुदत एक वर्षाची, नेमणूक सरकारी, पोलिसी अधिकार नाहीत. नगरपालांचं कार्यालय मात्र आजही हायकोर्टाचे आदेश बजावतं, जप्त जहाजांचा लिलावही करतं. कोर्टाचं काम दोन्हीकडे टिकलं, बंदूक आणि तुरुंग अमेरिकेतच राहिले.

मग लोकांनी निवडलेला पोलीस चांगला की वाईट?

ऐकायला कल्पना झकास आहे. मंत्र्याच्या फोनवर बदली नाही, उत्तर थेट जनतेला. आपल्याकडच्या बदल्यांच्या बातम्या वाचल्या की हेवा वाटतो.

पण मत कोण देतं, हे पाहायला हवं. शेरीफच्या निर्णयाची झळ सगळ्यात जास्त बसते ती तुरुंगातल्या माणसाला आणि स्थलांतरिताला. खटला सुरू असलेल्या कैद्याला कायद्याने बहुतेक ठिकाणी मतदानाचा हक्क असतो, पण कोठडीतून प्रत्यक्ष मत देणं फार थोड्यांना जमतं. एच-१बी व्हिसावरच्या किंवा ग्रीन कार्ड असलेल्या माणसाला या निवडणुकीत मतच नाही, मग तो तिथे वीस वर्षं कर भरत असला तरीही. त्यातच अनेक काउंटींत शेरीफसमोर दुसरा उमेदवारच उभा राहत नाही.

तिकडच्या नातेवाइकांशी पुढच्या वेळी व्हिडिओ कॉलवर बोलाल, तेव्हा राष्ट्राध्यक्षांबद्दल विचाराल तेवढंच त्यांच्या काउंटीच्या शेरीफबद्दलही विचारा. त्यातलं कुणी अमेरिकेचं नागरिक झालं असेल, तर मतपत्रिकेच्या खालच्या भागातलं ते नाव वाचायला सांगा. घरातल्या बाकीच्यांच्या वतीने ते एकच मत असू शकतं.