अध्यक्षांची पुस्तके

साहित्य संमेलनाचा विषय निघाला की आमच्या इंदुरातील जुन्या घरांतून दोन सनांचा उच्चार हटकून होतो : १९१७ आणि १९३५. पहिल्या खेपेस गणेश जनार्दन आगाशे अध्यक्ष होते, दुसऱ्या खेपेस औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी. कोणाच्या पणजोबांनी स्वागतासाठी धावपळ केली, कोणाच्या वाड्यात पाहुणे उतरले, जेवणावळीत काय होते, हे सारे ऐकून ऐकून मुलांनाही पाठ झालेले असते. बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील मंडळी भेटली, तर त्यांच्याही तोंडी आपापल्या शहराचे सन असतात. हा अभिमान रास्तच आहे. महाराष्ट्रापासून इतक्या दूर राहून मराठी वाङ्मयाचा मांडव आपल्या दारी घालणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. माझे गाऱ्हाणे एवढेच, की मांडव आमच्या लक्षात राहिला आणि ज्यांच्या गळ्यात आम्ही हार घातले त्यांची पुस्तके मात्र आम्ही उघडली नाहीत. पंतप्रतिनिधींचे त्यातल्या त्यात बरे. त्यांनी पुरस्कारलेले सूर्यनमस्कार लोक अजून घालतात तरी. बाकीच्यांचे काय?

बडोद्याच्या १९३४ च्या संमेलनाचे अध्यक्ष नारायण गोविंद चापेकर. त्यांचे ‘बदलापूर’ हे पुस्तक त्याच्या आदल्याच वर्षी निघाले होते. ‘आमचा गाव’ असे त्याचे दुसरे नाव. न्यायखात्यात नोकरी केलेल्या या गृहस्थाने आपल्या गावाची जणू साक्षच नोंदवून घेतली आहे : शेती कशी होते, कोण कोण लोक राहतात, त्यांचे धंदे कोणते, चालीरीती कोणत्या. समाजशास्त्र हा शब्द आपल्याकडे पुरता रुळला नव्हता त्या काळी एका माणसाने, कोणी सांगितले नसताना, हे काम केले. आज बदलापूर म्हणजे मुंबईच्या लोकलचे गर्दीने फुललेले स्टेशन. चापेकरांनी पाहिलेले गाव आता बरेचसे त्यांच्या पानांतच शिल्लक असावे. हे पुस्तक एका बैठकीत वाचण्याचे नव्हे; अधूनमधून उघडावे आणि चार पाने वाचावीत. ते वाचताना मला सारखे वाटते, की आमच्या मराठी मोहल्ल्यांचे असे पुस्तक कोणी लिहिले नाही. सरदारांच्या वंशावळी आहेत, जहागिरींच्या सनदा आहेत. पण आमच्या गल्लीत तांबट किती होते, पुजारी कोठून आले, कोणाच्या घरी कोणती बोली चाले, याची नोंद कोठे आहे?

चापेकरांच्या तीन वर्षे आधी, १९३१ साली, हैदराबादच्या संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. ज्ञानकोशकार म्हणून त्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे, आणि तेवीस खंडांचा तो ज्ञानकोश काचेच्या कपाटात शोभेसाठी ठेवलेलाही पुष्कळांनी पाहिला असेल. मी शिफारस करतो ती त्यांच्या ‘ब्राह्मणकन्या’ या कादंबरीची. ती १९३० सालची. तिची नायिका कालिंदी ही चांगल्या शिकलेल्या घरातली मुलगी. पण तिच्या आईची आई एकाची रक्षा होती, आणि तेवढ्या एका गोष्टीमुळे या मुलीला समाजात जागा उरत नाही. ती एका व्यापाऱ्याच्या घरी लग्नावाचून राहू लागते, आणि तेथून पुढे केतकर जातीचा, धर्मशास्त्राचा, कायद्याचा सगळा पसारा आपल्यापुढे मांडतात. नवी स्मृती रचू पाहणारे वैजनाथशास्त्री या कादंबरीत आहेत. असे पात्र मराठी कादंबरीत दुसरे मला तरी आढळले नाही.

आता खरे सांगायचे तर केतकरांना कादंबरी लिहिता येत नसे, असे म्हणणारे टीकाकार अगदीच चुकले नाहीत. भाषा ओबडधोबड आहे, पात्रे बोलता बोलता व्याख्याने देऊ लागतात. पाचपन्नास पाने वाचकाने खुशाल उलटावीत, मीही उलटतो. पण दुर्गाबाई भागवतांसारख्या चोखंदळ विदुषीला ‘केतकरी कादंबरी’ हे स्वतंत्र पुस्तक लिहावेसे वाटले, ते उगीच नव्हे. आणि आम्ही संस्थानी शहरांतली माणसे. दरबाराच्या आसऱ्याने ‘बाहेरची घरे’ कशी वाढली, त्या घरांतल्या मुलामुलींची लग्ने जमवताना काय काय लपवले गेले, हे आमच्या वाड्यांतून दबल्या आवाजात आजही बोलले जाते. कालिंदीची गोष्ट आम्हांला परकी वाटण्याचे कारण नाही. किंबहुना ती आम्ही वाचली नाही याचे कारण तेच असावे.

केतकरांबरोबर आणखी एक पुस्तक घ्यावे : त्यांच्या पत्नी शीलवतीबाईंचे ‘मीच हे सांगितलं पाहिजे’. मूळच्या या ज्यू घराण्यातल्या, एडिथ कोहन. विंटरनित्झच्या संस्कृत वाङ्मयेतिहासाचे जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर करणाऱ्या ‘मिसेस केतकर’ त्या ह्याच. ज्ञानकोश एवढा मोठा, पण घर कसे चालले हे मोठ्या माणसाच्या चरित्रकाराला दिसत नाही. ते बाईलाच सांगावे लागते.

आणि आता ग्वाल्हेर, १९६१. अध्यक्ष कुसुमावती देशपांडे. संमेलनाच्या अध्यक्षपदी बाई बसल्या त्या प्रथमच, आणि तो मान ग्वाल्हेरच्या मांडवाचा. आदल्या तीन वर्षांपूर्वी मालवणला त्यांचे यजमान कवी अनिल अध्यक्ष झाले होते. ग्वाल्हेरकर मंडळी हे सारे अगत्याने सांगतात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कुसुमावतीबाई गेल्या, हेही सांगतात. मग विचारावे, की त्यांची एखादी गोष्ट आठवते का? तेथे गप्प.

त्यांच्या ‘दीपकळी’, ‘दीपदान’ आणि ‘मोळी’ या संग्रहांतल्या गोष्टी तीसच्या आणि चाळीसच्या दशकांतल्या. फडक्यांच्या बांधेसूद कथानकाचा तो अंमल. त्या वेळी नागपुरात इंग्रजी शिकवणाऱ्या, विलायतेत शिकून आलेल्या या बाई अशा गोष्टी लिहीत होत्या, की ज्यांत ‘पुढे काय झाले’ असे विचारले तर फारसे काही झालेलेच नसते. एखाद्या मनाची एखादी घटका, रोज दिसणारे आणि म्हणून न दिसणारे एखादे गरीब माणूस, एवढेच. दया दाखवण्यासाठी त्या आवाज चढवीत नाहीत, आणि शेवटी चमत्कृतीची गाठही मारीत नाहीत. पुढे नवकथेचा गाजावाजा झाला. तिची चाहूल जाणकारांना या गोष्टींत लागते. मला त्या कोणाच्या अग्रदूत म्हणून वाचाव्याशा वाटत नाहीत. दुपारी घरातली कामे आटोपल्यावर एक गोष्ट वाचावी आणि पुस्तक मिटावे. दुसरी लगेच वाचू नये.

‘पासंग’ हे त्यांचे टीकालेख आणि मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा त्यांनी दोन भागांत घेतलेला आढावा, ही अभ्यासूंसाठी. ज्यांना एवढे नको त्यांनी ‘कुसुमानिल’ हा त्या दोघांचा पत्रसंग्रह वाचावा. हल्ली प्रेमपत्र ही वस्तूच राहिली नाही, म्हणून तरी.

ही पुस्तके दुकानांत सहजी मिळतील असे नाही. पण ती आमच्याकडे आहेत. माळ्यावर, ट्रंकेत, आजीच्या कपाटात, पिवळ्या पुठ्ठ्याची, कसर लागलेली. वाडा पाडून त्या जागी फ्लॅट उठतात तेव्हा पहिल्या दिवशी रद्दीवाला येतो, आणि नातवंडांना देवनागरी येते ती हिंदीपुरती, त्यामुळे कोणते पुस्तक काय आहे हे पाहायला कोणी नसते. तेव्हा ज्यांच्या घरी अशी आवराआवर निघाली असेल त्यांनी रद्दीवाल्याला दोन दिवस उशिरा बोलवावे. तेवढ्यात कोणातरी मराठी वाचणाऱ्या शेजाऱ्याला कपाट दाखवावे. मला दाखवले तरी चालेल, मी पिशवी घेऊन येईन.