मुकुट राजाचा, मुखत्यारी पंतप्रधानांची

ब्रिटनच्या राजाला आता कसलेच अधिकार उरलेले नाहीत, असे आपल्याला शाळेपासून शिकवले जाते आणि हाच लोकशाहीचा विजय म्हणून सांगितला जातो. हे अर्धसत्य आहे, आणि म्हणूनच घातक. ते अधिकार नाहीसे झालेलेच नाहीत. युद्ध पुकारणे, संसद विसर्जित करणे, मंत्री नेमणे, उमरावपदे वाटणे हे सारे राजाच्या नावाने आजही शाबूत आहे. फक्त ते वापरतो पंतप्रधान. राजाने नाही म्हणायचे नाही, असा संकेत आहे; आणि बहुतेक बाबतींत पंतप्रधानाने संसदेची आधी परवानगी घ्यावी, असा कायदा नाही. मग त्याला अडवणार कोण?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये काय घडले ते नीट पाहा. ३१ ऑक्टोबरला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडायचा होता. तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना संसदेचा विरोध नको होता. १५ ऑगस्टच्या टिपणात सल्लागाराने अधिवेशन संस्थगित करण्याचा प्रस्ताव ठेवला. जॉन्सन यांनी त्यावर खूण करून होकार लिहिला. २८ तारखेला प्रिव्ही कौन्सिलचे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाचे, तीन सदस्य बाल्मोरलला तेव्हाच्या राणीकडे गेले. कौन्सिलच्या बैठकीत कुणी बसत नाही. सगळे उभे असतात, हुकूम वाचला जातो आणि राजा किंवा राणी मंजुरीचा एक शब्द उच्चारते. पाच आठवडे संसदेला कुलूप! मंत्रिमंडळाला हे सांगितले गेले त्यानंतर, फोनवरून. सामूहिक जबाबदारीचे गोडवे जगभर गाणाऱ्या देशात मंत्र्यांची ही पत.

सर्वोच्च न्यायालयाने २४ सप्टेंबरला हा हुकूम बेकायदा ठरवला. अकराच्या अकरा न्यायमूर्तींचे एकमत होते. सरकारने कारण दिले होते नव्या सत्राच्या राणीच्या अभिभाषणाच्या तयारीचे; त्या तयारीला चार ते सहा दिवस पुरतात, असे माजी पंतप्रधान जॉन मेजर यांनी न्यायालयाला लेखी कळवले होते, आणि मेजर हे जॉन्सन यांच्याच पक्षाचे. पाच आठवडे कशासाठी हवे होते, हे प्रतिज्ञापत्रावर सांगायला सरकारतर्फे एकही माणूस पुढे आला नाही.

न्यायालयाने चूक सुधारली, म्हणजे व्यवस्था ठणठणीत आहे, असे म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. त्र्याण्णव वर्षांच्या राणीला बेकायदा सल्ला दिला गेला आणि तो मानण्यावाचून तिला गत्यंतर नव्हते, ही ठणठणीत व्यवस्था? आणि सत्ताधाऱ्यांनी यातून धडा काय घेतला? २०२२ च्या कायद्याने संसद विसर्जित करवण्याची मुभा पुन्हा पंतप्रधानाला मिळाली, आणि त्या अधिकाराच्या वापराबद्दल कोणत्याही न्यायालयाने प्रश्न विचारायचा नाही, असे कलमच त्यात घातले गेले. चोरी पकडली गेली म्हणून चौकीदारालाच हाकलले.

युद्धाचेही तेच. २००३ मध्ये इराकवरच्या आक्रमणाआधी तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी संसदेत मतदान घेतले. २०१३ मध्ये सीरियावरच्या कारवाईचा पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांचा ठराव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला गेला आणि त्यांनी निमूटपणे माघार घेतली. युद्धाआधी संसदेला विचारण्याचा संकेत रुजला, असे विद्वानांनी लिहिले. एप्रिल २०१८ मध्ये संसद ईस्टरच्या सुटीवर असताना पंतप्रधान थेरेसा मे यांनी सीरियावर हल्ले करवले आणि संसदेत निवेदन केले ते नंतर. संकेताचा जीव तेवढाच असतो, पंतप्रधानाच्या मर्जीइतका.

हा लंडनचा घरगुती मामला आहे, असे मराठी वाचकाने समजू नये. आपण हीच चौकट उचलली आहे, फक्त राजाच्या जागी राष्ट्रपती आणून. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातील राष्ट्रपती राजवट उठली. त्यासाठी मंत्रिमंडळाची बैठक झाली नाही. केंद्र सरकारच्या कामकाज नियमावलीतील नियम १२ खाली पंतप्रधानांनी स्वतःच्या अधिकारात शिफारस केली. जून १९७५ मध्ये तर आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही रात्री झाली आणि मंत्रिमंडळाला कळले सकाळी. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय आणीबाणी जाहीर करता येणार नाही, अशी तरतूद केली. पंतप्रधानाला कागदावर बांधता येते, ते असे.

ब्रिटनमध्येही हेच व्हायला हवे. कॉमन्सच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, मतदानाशिवाय अधिवेशन संस्थगित होऊ नये, सैन्य परदेशात लढायला जाऊ नये. यात अवघड काहीच नाही. अडते ते नियतीत. पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी २००७ मध्ये राजाच्या नावाने चालणारे अधिकार संसदेकडे देण्याचा शब्द दिला. २०१० च्या कायद्यात तहांची तरतूद आली, युद्ध वगळले गेले. कीर स्टार्मर यांनी २०२० मध्ये मजूर पक्षाच्या नेतेपदासाठी मते मागताना लष्करी हस्तक्षेपाला लगाम घालणारा कायदा आणण्याचे वचन दिले. जुलै २०२४ मध्ये ते प्रचंड बहुमताने पंतप्रधान झाले. त्याच महिन्यात राजाने त्यांच्या सरकारचे पहिले अभिभाषण वाचले. तो कायदा त्यात नव्हता.